शेवटच्या कडव्यातला वेग

लॉर्न स्टॅलर्डचं एक तत्त्व होतं. गाडीत बसवलेली तार मालकाला तर दिसू नयेच, पण महिन्याभराने खुद्द लॉर्नलाही सापडता कामा नये. या तत्त्वापायी त्याच्याकडची दोन दुरुस्तीची कामं गेली तीन वर्षं चालू होती.

अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावातले स्पोर्ट्स कारवाले रडार ओळखणारं यंत्र बसवायला त्याच्याकडेच येत. पोलीस रडार लावून वेग मोजत बसला की हे यंत्र मैलभर आधी बोंब मारतं, आणि शहाणा माणूस ब्रेकवर पाय ठेवतो.

गार्नेट पकेट आल्या त्या लिंबाच्या रंगाची दोन सीटची गाडी घेऊन. वय त्र्याहत्तर. चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेला. लॉर्नच्या लग्नातही त्यांनीच वाजवला होता, आणि ते लग्न अकरा मिनिटांत उरकलं होतं.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. वर्षात दोनदा वेगासाठी पकडलं होतं. तिसऱ्यांदा पकडलं की परवाना जाणार. परवाना गेला की रविवारी नॉक्सव्हिल बंद. तिथल्या शुश्रूषागृहात त्यांची धाकटी बहीण आयनेझ होती. तिची फुप्फुसं थकली होती, आणि किती रविवार उरलेत ते डॉक्टरही सांगत नव्हते. बाईंना नेणारं दुसरं कोणी नव्हतं.

अडचण एकच होती. दोन राज्यांची सीमा गावातल्या रस्त्याच्या मधूनच जाते. लॉर्नचं दुकान टेनेसीकडच्या बाजूला, बाईंचं घर समोर, व्हर्जिनियात. तिकडे हे यंत्र चालवायला बंदी. म्हणजे रोज रस्ता ओलांडण्याआधी ते उपटून डिकीत टाकायचं. त्यासाठी आरशामागे बोटभर तार आणि एक प्लग उघडा सोडावा लागणार होता. लॉर्नने हे ऐकलं आणि तो थोडा वेळ खुर्चीवर बसून राहिला.

मग दोन दिवस खपून त्याने आयुष्यातलं सर्वात सुबक काम केलं. चावी फिरवल्यावरच जिच्यात वीज येते अशी जागा फ्यूजच्या पेटीत शोधली. तारेला लोकरी पट्टी गुंडाळली, म्हणजे खडखड नको. काचेच्या कडेच्या खांबात एअरबॅग असते, तार तिच्या मागून नेली, पुढे छताच्या अस्तरात सरकवली. ती बोटभर तारसुद्धा त्याने अस्तराच्याच रंगाची निवडली. मग तीही त्याला सापडेना, म्हणून प्लगला लाल ठिपका लावावा लागला.

शुक्रवारी सकाळी चाचणीला तो बाईंच्या शेजारी बसला. हमरस्त्याला लागताच बाई चर्चमधलं एक स्तोत्र गुणगुणू लागल्या. यंत्राच्या पडद्यावर गाडीचा वेगही दिसे; पहिल्या कडव्याला तो ताशी बासष्ट मैल होता. दुसऱ्याला सदुसष्ट. तिसऱ्याला चौऱ्याहत्तर. ऑर्गनला पायानेही दाबायच्या पट्ट्या असतात, म्हणून वाजवणाऱ्याचे पायही सुरात असतात, आणि उजवा पाय सुराबरोबर खाली चालला होता. चौथ्या कडव्याच्या तोंडावर यंत्र किंचाळलं. बाईंनी ब्रेक मारला नाही. त्या किंचाळीला त्यांनी वरचा सूर मिळवला. पडद्यावर एक्क्याण्णव.

पुढच्या पुलाखाली पोलीस होता, पण तो बर्गर खात होता.

लॉर्नला गप्प बसता आलं असतं. यंत्र चोख चाललं होतं, तार दिसत नव्हती, त्याचा भाग संपला होता. त्याने घसा खाकरला.

“बाई, यंत्र बरोबर आहे. शेवटच्या कडव्याला तुम्हीच पळता.”

“मी? चाळीस वर्षं वाजवलंय मी, लॉर्न.”

“माझी बायको वेदीपर्यंत धावत आली होती. फोटो आहेत.”

बाईंचा पाय उचलला गेला. संथ स्तोत्रं म्हणून बघा, असं लॉर्नने सुचवलं.

“संथ असतात ती सगळी मरणाची,” बाई म्हणाल्या. “आयनेझकडे जाताना मी ती म्हणणार नाही.”

यावर लॉर्नकडे बसवण्यासारखं काही नव्हतं. पुढचे आठेक मैल गाडी वेगमर्यादेइतकी, बरोब्बर पासष्टने चालली.

मग बाईच सांगू लागल्या. आयनेझ चर्चच्या गायकांच्या पहिल्या रांगेत उभी असायची. एका ईस्टरला सगळ्यांदेखत म्हणाली, ताई, तुझ्यामागे धावता धावता आमचा जीव जातो. त्यावरून दोघी नऊ वर्षं बोलल्या नव्हत्या.

“मला वाटायचं, तीच मागे पडते.”

रविवारी बाई एकट्या गेल्या. सोमवारी दुपारी दुकानात आल्या, तेव्हा लॉर्न एका गाडीत त्यानेच बसवलेली जुनी तार शोधत होता. परवाना शाबूत होता. जाताना त्यांनी तेच स्तोत्र म्हटलं होतं, पण पडद्यावरच्या आकड्यावर डोळा ठेवून. आकडा वाढला की कडवं पुन्हा पहिल्यापासून. नॉक्सव्हिलला पोचायला नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त लागला.

तिथे त्यांनी आयनेझला सांगून टाकलं, की तुझं खरं होतं. आयनेझ हसली नाही. तिने जेवणघरातल्या पियानोकडे बोट दाखवलं. बाईंनी वाजवायला घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा हवं तितकं सावकाश. दुसऱ्या ओळीला आयनेझने हात वर केला.

“म्हणाली, इतका लांब श्वास आता नाही गं माझ्यात. तुझ्यासारखं वाजव.”

“मग?”

“वाजवलं. चारही कडवी.” बाईंनी पर्समधून चावी काढली. “दोघी बरोबरच शेवटाला पोचलो.”

लॉर्नने विचारलं, की यंत्राचा आवाज थोडा मंजुळ करून देऊ का. बाई म्हणाल्या, नको, बेसूरच असू दे, गोड झाला तर मी पुन्हा त्याला सूर मिळवत बसेन. आणि पुढच्या रविवारी सातलाच निघेन, हळू जायचं तर वेळ लागतो.