नामदेवरावांना कावळा शिवला

हैदराबादला नल्लकुंट्यात आमचं घर. मागच्या अंगणात कडुलिंब, लिंबावर कावळ्याचं घरटं आणि घरट्यात कोकिळेचं पिल्लू. हे शेवटचं मला आमच्या भाडेकरीण सुजाताने सांगितलं. सुजाता पुण्याची, कॉम्प्युटरवाली. रविवारी पहाटे हिरवी टोपी घालून, दुर्बीण लावून आमच्या धुण्याच्या दगडामागे दबा धरून बसते, जशी काही जंगलात आली. आधी मी हसले. मग तिने दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली आणि माझं हसू बंद झालं. ठिपक्याठिपक्यांचं ते दांडगं पिल्लू चोच वासून बसलेलं, आणि कावळी आपली कोंबतेय, कोंबतेय.

"तिला कळत नाही का गं, आपलं नाही ते?"

"नाही कळत, त्रिवेणीताई. उडून जाईपर्यंत नाही."

"म्हणजे उन्हाळ्यात माझ्या नणंदेची पोरं येतात तसंच."

तेव्हापासून एकच ध्यास लागला. ते पिल्लू उडताना बघायचं. मे महिना, अंगाची लाही, कूलरमध्ये पाणी भरायचं राहून जाई. दुर्बीण मात्र सुटत नव्हती.

अडचण कावळ्यांची होती. घरट्यात पिल्लू असलं की ते चवताळतात. अंगणात कुणी पाऊल टाकलं की मागून टोच. मी डोक्यावर भगुनं पालथं घालून कपडे वाळत घालायची. माझे सासरे नामदेवराव भगुनं घालणार नाहीत. उदगीरची पाटीलकी कधीच गेली, ऐट राहिली. शनिवारी ते टक्कल चमकवत अंगणात आले आणि कावळीने बरोबर मधोमध नेम धरला.

आमच्यात कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं असं धरतात. उतारा असा, की माणूस गेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना धाडायची. ते रडले की यम फसतो आणि परत जातो. यमाला इतकं बावळट समजणारी माणसं दुसरीकडे नसतील. पूर्वी हे पोस्टकार्डावर चालायचं. माझ्या सासूबाईंनी, सुशीलाबाईंनी, फॅमिली ग्रुपवर टाकलं: "नामदेवराव गेले."

"आत्याबाई, लगेच खरं काय ते पण टाका," मी सासूबाईंना म्हटलं.

"नक्को! पोटभर रडू दे त्यांना. अर्धवट रडलं तर उतरत नाही. सकाळी सांगू." आणि फोन बंद करून उशीखाली सारला.

तोवर मामंजींनी फांदी तोडायला माणूस ठरवला होता. घरट्यासकट पाडायची.

"मामंजी, चार दिवस थांबा. पिल्लाला अजून उडता येत नाही."

"मला मारलंय तिनं! मला!"

सकाळी फांदीवाला करवत घेऊन आला आणि त्याच्यामागे उदगीरहून जीप. जीपमध्ये हार, पांढऱ्या टोप्या आणि मामंजींचे धाकटे भाऊ एकनाथराव. त्यांची बहीण सुनंदा "दादा गेला हो" म्हणत फाटकातून धावली आणि जो पहिला माणूस दिसला त्याच्या गळ्यात पडली. तो दादाच होता, दात घासत. तिने अशी किंकाळी फोडली की गल्लीतली कुत्री पळाली.

खुलासा झाला. शिव्या झाल्या. चहा झाला. मग मामंजींनी फोन मागितला, कोण किती रडलं ते बघायला.

"देवमाणूस लिहिलंय बघ. गावात चौकात बॅनर लागलाय माझा!" मेलेला माणूस इतका खुललेला मी पाहिला नव्हता. मग एकनाथरावांचं नाव आलं. पुढे नुसता अंगठा.

"एकनाथा, मी मेलो आणि तू अंगठा दाखवतोस?"

"दादा, निरोप मिळाला एवढंच कळवायचं होतं."

"हारबिर घेऊन आलास, दोन शब्द लिहायला बोटं झडली होती?"

भावावरचा राग झाडावर निघाला. "तोड रे ती फांदी!"

फांदीवाला शिडी लावून चढला. पिल्लू घरट्याच्या कडेला चिकटलं. सुजाता इंग्रजीत गयावया करू लागली. इंग्रजीने आमच्या घरात आजवर काही थांबलेलं नाही. मी शिडी धरली.

"तोडा, मामंजी. आज यांचं घर पाडा. उद्या खरंच गेलात, दहाव्याला पिंड मांडला, तर शिवायला कोण येणार? हेच कावळे ना? ते चेहरा विसरत नाहीत. विचारा सुजाताला."

"अजिबात विसरत नाहीत, आजोबा," सुजाता मराठीवर आली. "त्यावर संशोधन झालंय."

"आम्ही बसू उन्हात तोंड वासून. म्हाताऱ्याची काय इच्छा राहिली म्हणून गावभर चर्चा. आणि एकनाथराव दाखवतील अंगठा."

सुनंदाचा चहाचा घोट घशात अडकला. मामंजींनी वर पाहिलं. कावळीने खाली पाहिलं.

"उतर," ते म्हणाले.

"हौ साब," म्हणत फांदीवाला सुटल्यासारखा उतरला.

"पोळी आणा कुणीतरी. तूप लावून." आणि उदगीरचा पाटील लिंबाखाली उभा राहून कावळ्यांना चुचकारू लागला. कावळी पोळीवर झेपावली. तुपाची पोळी दुसरीकडे चाललेली बघून पिल्लाला दम निघेना. त्याने पंख झाडले, पडतंय पडतंय असं झालं, आणि ते तरंगत शेजारच्या गच्चीवर जाऊन बसलं. मी रडले नाही. घाम होता तो.

कावळी पोळी घेऊन पिल्लामागे धावली, ती जाताजाता एकनाथरावांच्या डोक्यात टोचा मारून.

मामंजींनी सासूबाईंच्या हातातून फोन काढून घेतला. जाड बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं: "आमचे बंधू एकनाथराव गेले." आणि त्याखाली पहिला अंगठा स्वतःच लावला.