डाव्या हाताचं अक्षर

काचेच्या दारावर भलंमोठं 'मामा' चिकटवलेलं होतं. जाड, खरबरीत, कडा फाटलेलं अक्षर. ते पाहताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत आत्तेभाऊ खुर्च्या मांडत होता. त्यानं बनवलेला फॉन्ट महिन्यापूर्वीच विकायला निघाला होता; आज संध्याकाळी त्याचा सोहळा होता आणि फॉन्टला नाव दिलं होतं आपल्या मामाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"ये ताई! मामाला अमर केलं की नाही? चपलांचं दुकान, जिमची पाटी, मसाल्याचं पाकीट, ज्याला त्याला हेच अक्षर हवंय. काय दम आहे!"

"कुठून घेतलंस?"

त्यानं भिंतीकडे बोट केलं. चौकटींत पुठ्ठे टांगले होते. 'पाणी'. 'उशी'. 'दार लाव'. 'दुखतंय'.

वडिलांनी जन्मभर पाट्या रंगवल्या. अक्षराची कड सुरीसारखी. जराशी हलली तरी पाटी पुसून पुन्हा. मग एका झटक्यात वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या मुठीत ब्रश आवळून ते पुठ्ठ्यावर लिहायचे आणि कुणी भेटायला आलं की घाईघाईनं पुठ्ठे पांघरुणाखाली सारायचे. ते गेल्यावर खोली आवरायला आलेला हा भाचा 'रद्दीत टाकतो' म्हणून ते घेऊन गेला होता.

"त्यांच्या एवढ्या पाट्या आहेत बाजारात. त्या दिसल्या नाहीत तुला?"

"त्या फार सुबक गं. तसले फॉन्ट पैशाला पासरी. हा रांगडेपणा कुठे मिळायचा?"

"लकवा आहे तो."

त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"वाकडं अक्षर त्यांनी कधी दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. तू त्यांच्या नावानं गावभर लावलंस. 'दुखतंय'मधला द मी आत्ता चौकात बघून आले. 'दणदणीत सूट'!"

"मग आधी बोलायचंस."

"तू विचारलंस?"

तो खाली बघत पुटपुटला, "आता परत कसा घेऊ? लोकांच्या कॉम्प्युटरवर गेलाय."

"ते कळतं मला. नाव काढ."

"ताई, पत्रिका गेल्यात. तासाभरात पाहुणे येतील. माझी काय शोभा होईल!"

"तुझीच होऊ दे. त्यांची पुरे झाली."

तिचा आवाज चढला नव्हता. त्यालाच तो घाबरला असावा. मुकाट्यानं दारापाशी जाऊन त्यानं पहिल्या 'मा'खाली नख घातलं. चिकटपट्टी नवी होती, तुकड्यातुकड्यानं निघत होती.

"पाणी लावून बघू का?"

"लाव."

बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी फुलं घेऊन येत होतं. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं.

"खरवड," ती म्हणाली आणि पुठ्ठे उतरवायला भिंतीकडे गेली.