रिकामी खुर्ची

“काका, जरा बाजूला व्हा. खुर्ची रिकामी दिसायला हवी,” कॅमेरावाला म्हणाला.

ड्रिलर कंबर धरत उठला. सकाळपासून समुद्रातल्या तेलाच्या रिगवर ड्रिल चालवत तो त्या खुर्चीतून हलला नव्हता. साहेबांनी टेक्निशियन बाईला कॅमेऱ्यापुढे केलं.

आपोआप वळणारं यंत्र तिचं होतं. समुद्राच्या तळाखाली, ड्रिलच्या टोकामागे बसून ते तेलाच्या विहिरीला दिशा देणार होतं. वर्कशॉपमध्ये त्याचा एकेक सांधा तिने जोडला होता. त्यापायी आईचं आजारपण धाकट्या बहिणीवर टाकलं होतं. आज समुद्रावरची पहिली चाचणी. मऊ मातीत यंत्र शहाण्यासारखं चाललं. कठीण खडक लागला आणि ते भरकटलं, थेट शेजारच्या चालू विहिरीकडे. ड्रिलरने ते बंद केलं आणि उरलेली विहीर स्वतः वळवत नेली.

“एवढंच म्हणायचं,” साहेब म्हणाले, “माणसाचा हात न लागता विहीर पूर्ण झाली.”

“पण लागला ना हात!”

“अगं, पुढे सुधारू की. आधी गिऱ्हाईक तर येऊ दे.”

“तोवर त्यांच्या रिगवर या खुर्चीत कोण बसणार?”

“कोणीच नाही. तेच तर विकतोय आपण!” हसत त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. डिझेलच्या वासात त्यांचं अत्तर मिसळलं. ती खांदा सोडवून बाजूला झाली.

“बोलून टाक गं पोरी,” ड्रिलर पुटपुटला. “कशाला नोकरीवर पाणी सोडतेस?”

त्याच्या समजूतदारपणाचीही तिला शिसारी आली. मग स्वतःची, कारण ते वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

कॅमेरा सुरू झाला.

“खडकात यंत्र भरकटलं,” ती म्हणाली. “उरलेली विहीर या काकांनी खोदली.”

“बंद कर रे तो!” साहेब ओरडले. मग थंडपणे तिला म्हणाले, “उद्याच्या हेलिकॉप्टरने निघ. यंत्राला आता हात लावू नकोस.”

कॅमेरा पुन्हा सुरू झाला आणि हात न लागल्याचं ते वाक्य त्यांनी स्वतःच म्हटलं. टाळ्या पडल्या.

वर काढलेलं यंत्र डेकवर आडवं पडलं होतं, चिखलाने माखलेलं. वाळला असता तर तो दगड झाला असता. तिने ब्रश घेतला.

थोड्या वेळाने ड्रिलर आला.

“आत केक कापतायत.”

“तुम्हाला नाही बोलावलं?”

“बोलावलंय की. फोटो झाल्यावर या म्हणाले.”

तो वाकला. यंत्राची ती जड नळी त्याने दोन्ही हातांनी फिरवली. खालचा चिखल वर आला, आणि ती तिथे घासू लागली.