चिमीच्या खोलीतलं कपाट

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सगळं कळतं. त्यांना न कळणारी गोष्ट जगात असूच शकत नाही, असा त्यांचा साधा हिशेब.

चिमी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी लेकीची खोली 'करून घेतली'. भिंतभर गुलाबी कपाट. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्या, वरून चकचकीत कागद. एवढं धूड मावेना, म्हणून खिडकी कपाटामागे गाडली. "खिडकीतून धूळच तर येते," भाऊजी म्हणाले. आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरायचे. मी नाकाला रुमाल लावला, तर मला ऐकवलं, "नवेपणाचा वास आहे तो. एकेकाला सवय नसते."

महिनाभरात चिमीची छाती वाजू लागली. श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. भाऊजींनी गुन्हेगार शोधले. आधी शेजारची मांजर, मग शाळेतला खडू, शेवटी ताईच्या माहेरची 'नाजूक प्रकृती', म्हणजे आम्ही. कपाट तेवढं धुतल्या तांदळासारखं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "घरात नवीन काही केलंय का?"

ताईने तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "ते सोडा हो. चांगल्यातलं औषध लिहा."

"औषध देतेच. पण नव्या फळ्यांमधून वाफा सुटतात, त्या पोरांच्या छातीला सोसत नाहीत. तिला दुसऱ्या खोलीत निजवा."

बाहेर येताच भाऊजींनी निकाल दिला, "डॉक्टर आहे की सुतार?" आणि चिमी त्याच खोलीत झोपत राहिली.

सुट्टीत ताई तिला घेऊन माझ्याकडे आली. माझ्या घरातल्या निम्म्या खिडक्या लागतच नाहीत. पोर दिवसभर जिन्यावर उड्या मारत होती, छातीतून चकार शब्द नाही. फोनवर कळवलं तर भाऊजी म्हणाले, "हवापालट झाला! दुसरं काय?"

घरी परतल्यावर छाती पुन्हा वाजू लागली. तेव्हा ताई नवऱ्याला म्हणाली, "आज तिथे तुम्ही झोपा."

भाऊजी इरेला पेटून झोपले. सकाळी डोळे लाल, घसा बसलेला. "उशी जुनी आहे," घोगऱ्या आवाजात म्हणाले.

ताई भांडली नाही. ते कामावर जाताच तिने मला बोलावलं आणि एका सुतारालाही.

"बाई, कोरं करकरीत आहे की हो!" तो हळहळला.

"तेच तर दुखणं आहे. काढा."

फळ्या खाली गेल्या. खिडकी रंगाने चिकटली होती. ताईने खांद्याने धडक मारली तेव्हा कुठे उघडली.

संध्याकाळी भाऊजी उघड्या भिंतीसमोर उभे. "माझं कपाट?"

"गेलं," ताई म्हणाली. "परत आणलंत, तर मी आणि चिमीही जाऊ."

भाऊजींनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ पाहिली.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला चिमीचा श्वासाचा पंप अजून दप्तरात असतो, पण बाहेर क्वचितच निघतो. आणि भाऊजी पाहुण्यांना खोली दाखवतात. "मुलांना हवा हवी हो, सामान नको. मी पहिल्यापासून कानीकपाळी ओरडत होतो."

पाहुणे माना डोलावतात. ताई रिकामे कप उचलून आत जाते.