रोरीचा पॉइंट

मर्डो मकायच्या हातात चांदीचा कप होता आणि तो कुठे ठेवावा हेच त्याला कळत नव्हतं. गाडीच्या टपावर ठेवला तर वाऱ्याने कलंडला. काखेत धरला तर जो तो येऊन पाठीत थाप मारायचा. "जिंकलास की रे शेवटी! बारा वर्षं नुसता फुकटचा चहा प्यायला येत होतास!" मर्डो हसत होता. हसतोय कसला, दात दाखवत होता.

कप त्याचा नव्हताच. तो एफीमावशीच्या रोरीचा होता, आणि हे त्या अख्ख्या माळावर एकट्या मर्डोला ठाऊक होतं.

एफीमावशी म्हणजे त्याच्या आईची मैत्रीण. कुत्र्याला शिट्टी कशी द्यावी, हेदरच्या झुडपांतून वाऱ्याच्या तोंडावर कसं सोडावं, सगळं तिनेच त्याला शिकवलेलं. रोरी तिचा काळा-तांबूस सेटर जातीचा शिकारी कुत्रा, वय वर्षं नऊ. दडलेली पाखरं हुंगून दाखवायच्या या स्पर्धांत चॅम्पियन म्हणवायला त्याला एकच विजय कमी पडत होता, आणि या वयात पुढचा हंगाम कुणी पाहिलाय? शेवटच्या फेरीत नेमकी जोडी लागली ती रोरीची आणि मर्डोच्या कुत्रीची, जेसची.

"म्हातारी म्हणून दयामाया दाखवू नकोस हं," मावशी म्हणाली होती.

"दाखवलीच तर जेसची शेपटी दाखवीन, मावशी. लांब पुढून!"

दोघं पोट धरून हसली होती. सकाळचीच गोष्ट.

कुत्री सुटली. मावशीचा गुडघा धरलेला, त्यामुळे ती पंच प्रिंगलसाहेबांबरोबर मागेच राहिली. मर्डो उंचवट्यावर चढला आणि पलीकडच्या घळीत त्याला रोरी दिसला. एक पाय उचललेला, शेपटी ताठ, नाक समोरच्या झुडपावर रोखलेलं. काय उभा होता! झुडपात ग्राउज पक्षी दडलेत, यात शंकाच नको. आणि वीस पावलांवर जेस. एका कुत्र्याने असा पॉइंट धरला, म्हणजे दडलेल्या पाखरांवर नाक रोखून उभा राहिला, की दुसऱ्याने लांबूनच त्याला मान द्यायचा, जागचं हलायचं नाही. जेस तशीच थिजून उभी होती.

मागून पंचांनी हाक मारली, "मकाय, रोरी दिसतोय का तिथून?"

फक्त हात वर करायचा होता. पॉइंट दुसऱ्याच्या कुत्र्याचा असला तरी आपल्याला दिसला की हात वर करायचा, हे या माळावर कुणाला सांगावं लागत नाही. मर्डोचा हात खिशातच राहिला.

"नाही, साहेब."

बरं, एवढ्यावर थांबावं ना! पण पंच थोडे वर आले असते आणि घळीतला रोरी नाही तरी अलीकडे मान देऊन उभी असलेली जेस त्यांना दिसली असती, तर सगळंच बिंग फुटलं असतं. म्हणून त्याने शिट्टी वाजवली. जेस हलली नाही. तिने नुसते डोळे वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने दुसरी शिट्टी दिली, लांब आणि कर्कश. जेस शेपूट घालून परत निघाली, आणि तेवढ्या गडबडीत झुडपातले सात-आठ पक्षी भर्रकन उडाले.

पंचांना उडालेले पक्षी दिसले. पॉइंट काही दिसला नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं, पॉइंट न धरताच कुत्र्याने पाखरं उठवली, रोरी बाद.

मावशी लंगडत घळीत पोचली तेव्हा रोरी, पाखरं उडाल्यावर करायला शिकवल्याबरहुकूम, जमिनीला पोट टेकून पडला होता.

"आधी उभा होता का रे हा? तू वर होतास ना?"

"मी जेसकडे बघत होतो, मावशी."

नऊ वर्षांत जिने त्या कुत्र्यावर कधी आवाज चढवला नव्हता, ती चारचौघांत त्याच्यावर ओरडली. "गाढवा! नाक घरी ठेवून आलास का?" रोरी कान पाडून ऐकत राहिला. मर्डो तिथेच उभा होता, तीन हातांवर. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आणि आता तीच मावशी सूपचे दोन पेले घेऊन त्याच्या गाडीपाशी आली.

"घे, गरम आहे. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं असतं होय? उद्या क्लबला कळवते, रोरीला यापुढे उतरवत नाही. नाकच गेलं बिचाऱ्याचं. पण एक सांग, जेसला बरं नाही का? मघाशी मार खाल्ल्यासारखी आली तुझ्याकडे."



"मावशी, रोरी पॉइंटवर होता. मी पाहिला. जेसने मान दिला होता. मीच तिला शिट्टी मारून काढलं, त्यानेच पक्षी उडाले."

मावशीने त्याच्या मुस्काटात द्यायला हवी होती. त्याला तेच हवं होतं. पण तिने पेला टपावर ठेवला, वळली आणि आपल्या गाडीकडे चालायला लागली, गुडघा दुखत असूनही भराभर. मागचं दार उघडून ती रोरीशेजारी बसली आणि त्याचं डोकं छातीशी धरलं.

"चुकलं रे माझं," ती म्हणत होती. "राजा, माझं चुकलं. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

मर्डो कप घेऊन पंचांकडे गेला. सगळं सांगितलं. प्रिंगलसाहेबांनी कप परत घेतला, जेसचं नाव खोडलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "रोरीला मात्र मी काही देऊ शकत नाही. मी न पाहिलेला पॉइंट मला धरता येत नाही." आसपासचे लोक एकेक करून आपापल्या गाड्यांकडे गेले. थाप मारायला कुणी आलं नाही.

मावशीच्या गाडीवरून जाताना त्याने मान खाली घातली. पण रोरीने त्याला ओळखलं. पिल्लू असताना मर्डोच त्याला अंगणात खेळवायचा. तो शेपटी हलवत उठला, दारातून पुढे वाकला आणि त्याने मर्डोचा हात चाटला.

मावशी तेवढी दुसरीकडे बघत राहिली. मर्डोला हात मागे घेता येईना.