पाच ऑक्टोबरची पावडर

मुरबाडच्या एमआयडीसीत रंगात मिसळायची पांढरी पावडर दळणारा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या लॅबमध्ये माणसं दोनच. एकवीस वर्षं तिथेच असलेले चंदर काका, आणि चार महिन्यांपूर्वी लागलेली डोळखांब गावची भूमिका.

पावडरचा कण किती बारीक आहे ते लेझरचं मशीन मोजायचं. आकडे स्क्रीनवर आले की काका ते वहीत उतरवायचे आणि भूमिका वहीतून एक्सेलमध्ये भरायची. रोजचे दोन तास त्यातच जायचे. एका सोमवारी तिला मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स्पोर्ट’चं बटण सापडलं. तिने ते दाबलं, तयार झालेली फाईल एक्सेलमध्ये उघडली, तर सगळे आकडे रांगेत येऊन बसलेले. चहा निवायच्या आत काम आटोपलं.

“काका, आता वही बंद.”

“मशीनचा काय भरोसा गो,” काका म्हणाले. “मी माजं लिवतो.”

भूमिकेने रिपोर्ट तसाच गिऱ्हाईक कंपनीला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सुरेंद्र साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. फोनवर त्या कंपनीतल्या दिपिका मॅडम होत्या.

“तुमच्या रिपोर्टप्रमाणे बावीस टक्के पावडर पाच ऑक्टोबरची आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि नऊ टक्के दोन मेची. मला मायक्रॉन हवे होते.”

भूमिकेच्या लगेच लक्षात आलं. पाच ते दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, एवढ्या कणांचा गट मशीन ‘५-१०’ असा लिहायचं. एक्सेलला ती तारीख वाटली होती.

“पोरी, हातानं लिवलेलं असं तारखा नाय सांगत,” काका म्हणाले.

“उद्यापासून परत वहीच,” साहेबांनी निकाल दिला.

भूमिकेने एक दिवस मागून घेतला. जेवणाच्या सुट्टीतही ती शोधत बसली. फाईल नुसती उघडायची नाही, एक्सेलमध्ये आत घ्यायची आणि घेताना ‘हा रकाना मजकुराचा आहे’ असं सांगायचं, हे तिला कळलं. तारखा गेल्या, मायक्रॉन आले. आता खात्री म्हणून तिने तेच नमुने काकांच्या वहीशी ताडून पाहिले.

तिसऱ्या नमुन्यावर ती थांबली. एका गटाला मशीन म्हणत होतं १३.८ टक्के. वहीत होतं ३१.८. तिने वहीतल्या त्या नमुन्याच्या सगळ्या गटांची बेरीज केली, तर ती पावडर एकशे अठरा टक्के भरली.

साहेबांना दाखवलं असतं तर तिची बाजू तिथेच जिंकली असती. ती वही घेऊन काकांकडे गेली.

काकांनी चष्मा लावला, बेरीज दोनदा केली, आणि ते मागची पानं उलटायला लागले. अर्ध्या तासाने आणखी दोन ठिकाणी खुणा करून ते उठले आणि वहीसकट केबिनमध्ये गेले. भूमिका दाराकडे बघत राहिली.

“सायबाला सांगितलं,” परत येऊन ते म्हणाले. “तुजी चूक एक, माज्या तीन. ती फाईल कशी काडायची, दाव.”

काकांनी पहिल्यांदाच माउस धरला, तोही बोटं आवळून, सांडशी धरावी तसा. एकच फाईल पाच वेळा निघाली. सहाव्या वेळी रकाना मजकुराचा झाला, आणि नवा रिपोर्ट गेला. संध्याकाळी दिपिका मॅडमचं एका शब्दाचं उत्तर आलं, “ठीक.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. “मग आता रोजच्या त्या दोन तासांत आमी करायचं काय?”

“चाळण्या कधीपासून घासायच्यात, काका.”

“त्या तू घास,” ते खुर्ची ओढत म्हणाले. “मी बेरजा तपासतो.”