कातिकमामांची मान

कोतो लावेह गावच्या सभेत मुखिया दातुक लेलो कपाळाला हात लावून बसले होते. सभा सुरू झाली तेव्हा दाराशी कोंबडीने अंडी घातली होती. आता त्यांतूनच निघालेले कोंबडे आढ्यावर बसून बांग देत होते. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

पुरात नदीवरचा पूल वाहून गेला होता. भाचीचं लग्न शुक्रवारी, नवरदेव पलीकडच्या तीरावर, आणि लग्न अडलं तर नाक कापलं जाणार मामाचं, म्हणजे दातुकांचंच. पुलाला पुरेल एवढं उंच झाड गावात एकच, म्हाताऱ्या कातिकमामांनी लावलेलं. पण गावचा ठराव गोल हवा, कुठे कोपरा राहता कामा नये. एक जण जरी ‘नाही’ म्हणाला तरी कुऱ्हाड उचलायची नाही.

“मामा, आता तरी हो म्हणा!” दातुकांनी कातिकमामांना विनवलं.

“झाड न्या की. मी आडवा पडलोय का?”

“म्हणजे तुम्ही राजी?”

“छे! खुशाल पाडा, पण ते मलाही हवं होतं असं सांगत फिरू नका.”

“अहो, सगळ्या गावाला हवंय, म्हणजे तुम्हालाही हवंच!”

“वा! माझ्या मनातलं मला सोडून सगळ्यांना ठाऊक!”

“नुसती मान हलवा हो!” दातुक किंचाळले.

“मान माझी आहे.”

तेवढ्यात दातुकांची बहीण रोस्ना दारात येऊन कडाडली, “दादा, लग्नाचं रेंडांगचं मटण इतक्यांदा गरम केलंय की आता त्याचे जोडे शिवता येतील! उरकताय की नाही?”

दातुक ताडकन उठले. “बरं! कातिकमामांचं झाड पाडायचं, आणि कातिकमामा त्याला राजी नाहीत. हे असंच्या असं सगळ्यांना मान्य?”

“मान्य!” सभा गरजली. मग सगळे म्हाताऱ्याकडे वळले.

कातिकमामांनी शब्द उलटेपालटे करून पाहिले. खोट सापडेना.

“इतक्या वेळात पहिल्यांदा कोणी खरं बोललं. मान्य.”

ठराव गोल झाला. शुक्रवारी सगळं गाव नवरदेवाला आणायला पलीकडे गेलं, आणि तो वाजतगाजत पुलावरून आला. पुलाच्या अगदी शेजारून, कपडे डोक्यावर बांधून, कातिकमामा पोहत गेले आणि पोहतच आले.

“मामा, पूल आहे ना!”

“तुमचा आहे.”

निथळत ते पंगतीत दातुकांना खेटून बसले. दातुकांचा रेशमी सदरा भिजला.

“जेवणार तरी का सगळ्यांबरोबर?” दातुकांनी दात खात विचारलं.

“हो तर,” कातिकमामांनी ताट पुढे ओढलं. “हे मला हवंय.”